साडेपाच विटा

दि. ६ फेब्रुवारी

ती. अक्कास,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि पत्र लिहायचं तर संध्याकाळपर्यंत बोटं काचेच्या भुकटीने खरखरीत होऊन जातात, पेन धरवत नाही. कारखान्यात सध्या चष्म्यांचा पूर आलाय. रोज दोनशे काचा माझ्या घासणीखालून जातात. आमचे हे नेहमीप्रमाणे डेपोत बसच्या पोटाखाली आडवे असतात, आणि घरी आले की जगातल्या सगळ्या प्रश्नांना बघू एवढंच उत्तर देतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या भिंगरीच्या शाळेतून एक फॉर्म आलाय. सरकारी शाळांतल्या हुशार मुलांसाठी एक वेगळा वर्ग असतो, त्याला प्रगत वर्ग म्हणतात. सगळ्या शहरातून चोवीस मुलं घेतात आणि चौथीच्या आधी, आयुष्यात एकदाच, अर्ज करता येतो. साठ गुणांची लेखी परीक्षा, वीस गुण वर्गशिक्षिकेच्या मताचे आणि वीस पालकांच्या प्रश्नावलीचे. परीक्षेची मला काळजी नाही. काळजी आहे ती या प्रश्नावलीची. मूल मोठ्यांशी वाद घालतं का. दिलेलं काम अर्धवट सोडतं का. प्रत्येक नियमाचं कारण विचारतं का. घरातल्या वस्तू उघडून बघतं का. असे वीस प्रश्न, आणि प्रत्येकासमोर कधीच नाही, कधी कधी, नेहमी असे तीन चौकोन. वाचता वाचता मला घाम फुटला. कोणीतरी आमच्या पलंगाखाली लपून बसून हा फॉर्म लिहिलाय असं वाटलं.

खरं लिहिलं तर दारातूनच परत पाठवतील. आणि तिला तिथे जाणं फार गरजेचं आहे, अक्का. इथे बावन्न मुलांत ती अर्धा वेळ वर्गाबाहेर उभी असते. मागच्या आठवड्यात वीस गणितं दिली होती. हिने तीन केली आणि खाली लिहिलं, ‘बाकीची सतरा अशीच आहेत.’ बाईंनी चिठ्ठी पाठवली. तू तीस वर्षं शाळा चालवलीस, तूच सांग फॉर्मवर काय लिहू.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी


दि. १० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्यातले शुद्धलेखनाचे नऊ दोष मी लाल शाईने खुणावून ठेवले आहेत, भेटलीस की दाखवीन. माझी तब्येत ठीक. कान नाहीत याचा एक फायदा आहे, शेजारची सून पेटी शिकते आहे आणि मला त्रास नाही.

फॉर्मचं विचारशील तर यात विचार करण्यासारखं काहीच नाही. माझ्या टेबलावरून हजारो फॉर्म गेले. आईबाप भाबडेपणाने लिहायचे की मुलगा हट्टी आहे, उलटून बोलतो, आणि ते कागद वर्षानुवर्षं त्या पोराच्या पाठीला चिकटायचे. शाळेच्या कागदावर आपल्या लेकराचा दोष आपल्या हाताने कधी लिहू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. वीसच्या वीस प्रश्नांना ‘कधीच नाही’ अशी खूण कर, अक्षर नीट काढ आणि खाली सही कर. तिची हुशारी परीक्षेत दिसेलच. आपण फक्त दाखवायचं की मुलगी वळणाची आहे.

भिंगरीला सांग, मावशीने तिला सतरा गणितं माफ केली आहेत, पण तीन मात्र बरोबर हवीत. तिची तीन बरोबर होती ना?

तुझं चांगलं व्हावं एवढंच मागणारी,
अक्का


दि. २१ एप्रिल

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

निकाल आला. भिंगरीचं नाव यादीत नाही.

तिला परीक्षेत साठपैकी सत्तावन्न आहेत. बाईंनी वीसपैकी तेरा दिले, त्यांच्या मानाने ते पुष्कळच. आणि पालकांच्या प्रश्नावलीत वीसपैकी शून्य. एकूण सत्तर. शेवटच्या मुलाला चौऱ्याहत्तर आहेत. मी अर्धा दिवस रजा टाकून कार्यालयात गेले आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारलं की शून्य कसं येईल, मी तर सगळं चांगलं लिहिलं होतं. तो बिचारा सज्जन होता. त्याने मला गुण देण्याचा तक्ता दाखवला. वाद घालणं याला एक गुण. काम कंटाळून सोडणं, एक गुण. नियमाचं कारण विचारणं, एक गुण. अक्का, ते मुलांचे दोष विचारतच नव्हते. त्यांना तशीच मुलं हवी आहेत. आपण दोघींनी मिळून आपल्या पोरीच्या नावावर वीस वेळा काट मारली.

तुला दोष देत नाही. सही माझी आहे. ह्यांना सांगितलं तर पहिल्यांदाच बघू म्हणाले नाहीत. त्याने मला जास्त भीती वाटली.

चौदा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, म्हणजे पाच मेपर्यंत. पण नवीन प्रश्नावली भरून देत नाहीत, कारण निकालानंतर सगळेच आईबाप खोटं लिहितात असं कारकून म्हणाला. अर्ज करण्याच्या आधीचा, तारीख असलेला लेखी पुरावा हवा, मूल तसंच होतं याचा. असा पुरावा मी कुठून आणू? आपल्या पोरीच्या खोड्या कोण तारीख घालून लिहून ठेवतं?

आणि खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही. काल मी तिची वही उघडली. वीस गणितं दिली होती आणि तिने वीसच्या वीस केली आहेत. एकाखाली एक, सुवाच्य अक्षरात. बाईंनी शाबास लिहिलंय. महिनाभराच्या वह्या काढल्या, सगळ्या तशाच. ती आता काही विचारत नाही. जेवताना मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलले, की वर्षात पन्नास आठवडे असतात. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाली.

मी काय करू ते लिही. लवकर लिही.
धाकटी


दि. २५ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चूक माझी आहे आणि ती तुझ्या सहीआड लपवायची माझी इच्छा नाही. तीस वर्षं मी आईबापांना जे शिकवलं तेच तुला शिकवलं. मला वाटायचं मी मुलांना वाचवते आहे.

पण आता रडत बसायला वेळ नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत आहे. खोड्या तारीख घालून कोण लिहून ठेवतं असं विचारतेस? तूच ठेवल्या आहेस. माझ्या कपाटात ‘धाकटी’ असं लिहिलेली एक फाईल आहे. पाच वर्षांतलं तुझं प्रत्येक पत्र पाकिटासकट आहे, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. काल दिवसभर वाचत होते. भिंगरी चार वर्षांची असताना तू लिहिलंस की गळणाऱ्या नळाखाली तिने वाटी ठेवली, आणि वर्षाला किती बादल्या होतील हे घरमालकाला त्याच्या पाहुण्यांसमोर जाऊन सांगितलं, तुला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सहा वर्षांची असताना महिनाभर बसच्या वेळा काचांच्या पाकिटांवर टिपल्या आणि ड्रायव्हरशी भांडली की थांब्यावरची पाटी खोटी आहे. तुझी इस्त्री उघडली ते पत्र आहे. शून्य सम की विषम यावरून दवाखान्यातल्या सगळ्या रांगेला वेठीस धरलं ते आहे. मी ही पत्रं पूर्वी वाचली तेव्हा हसले होते, किंवा तुला उपदेश केला होता.

सर्वांत महत्त्वाचं मागच्या ऑक्टोबरचं. त्यातला मजकूर तुला आठवत असेल, तरी उतरवते. ‘आज बाईंची पुन्हा चिठ्ठी आली. मी तिला मागच्या गॅलरीत काढलं आणि आतून कडी लावली. कणीक मळत बसले, वेळेचं भान राहिलं नाही. दार उघडलं तेव्हा ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती. म्हणाली, कठड्याची सावली एक वीट सरकायला अकरा मिनिटं लागतात, मी साडेपाच विटा बाहेर होते, म्हणजे तास झाला. पहिल्या विटेला सेकंदांचे आकडे मोजले, पुढे मोजायची गरज नव्हती. रडली सुद्धा नाही. अक्का, ही काय मुलगी आहे? मला हुशार मुलगी नको होती. साधी हवी होती.’

सात पत्रं निवडली आहेत. दिवस थोडे म्हणून तुझ्याकडे न पाठवता उद्या सकाळी रजिस्टर पोस्टाने थेट कार्यालयात पाठवते. वर माझ्या नावाने एक अर्ज जोडला आहे. तुझा अर्ज तू खिडकीवर देऊन ठेव.

धीर सोडू नकोस, तुझ्या पाठीशी मी आहे.
अक्का


दि. २६ एप्रिल

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. आज काच घासता घासता एकदम आठवलं की माझी पत्रं तुझ्याकडे असतील. तू कागदाचा कपटा फेकत नाहीस. नळाचं, बसचं, इस्त्रीचं पत्र शोध आणि मला पाठव. मी अर्जाला जोडते. हातातली काच घासून पार वाया गेली, मुकादम ओरडला, पण मला किती दिवसांनी बरं वाटलं.

फक्त एक विनंती. मागच्या ऑक्टोबरमधलं एक पत्र असेल, गॅलरीचं. ते पाठवू नकोस. ते जाळून टाक. मी त्यात काय लिहिलं ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. ते पत्र परक्या माणसांच्या टेबलावर गेलं तर मी तिथे मान वर करून उभी राहू शकणार नाही. ते लोक काय म्हणतील ते म्हणोत, मी सोसेन. पण सुनावणीला मुलीलाही बोलावतात. तिच्या कानावर पडलं की आईला ती नको होती, तर वर्ग मिळून तरी काय उपयोग? तुला माझी शपथ आहे.

तुझीच,
धाकटी


दि. २९ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. माझी रजिस्टर त्याच दिवशी सकाळी गेली, ज्या दिवशी तू हे लिहीत होतीस. पोस्टात जाऊन विचारलं, परत येऊ शकत नाही. पोस्टमास्तर काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण मान नकाराची होती.

तुझं पत्र आधी आलं असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तरीही पाठवलं असतं. बाकीची सहा पत्रं वाचून कोणीही म्हणेल की पोर चुणचुणीत आहे. ते एक पत्र वाचून कळतं की तिचं डोकं कसं चालतं, आणि कोणी शिकवलेलं नसताना चालतं.

तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. माझ्या शाळेत एक मुलगी होती, न्हाव्याची लेक. प्रत्येक गोष्टीला का विचारायची. मी तिला वर्षभर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवलं. पुढच्या वर्षी तिने हात वर करणं सोडलं. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘वर्तनात चांगली सुधारणा.’ तुझ्या पत्रात वीस गणितांचं वाचलं आणि मला ती ओळ दिसली. तुझी शपथ मोडली त्याचं पाप माझ्या माथी. पण भिंगरीच्या पुस्तकावर ती ओळ येऊ देणार नाही.

माझ्यावर हवं तेवढं रागाव, फक्त पत्र लिहायचं थांबू नकोस.
अक्का


दि. ९ मे

ती. अक्कास,
नमस्कार.

दहा दिवस मी तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज लिहिते आहे ते राग गेला म्हणून नाही. दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही म्हणून.

काल सुनावणी झाली. लांबट खोली, टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या बाई वयस्कर होत्या, चष्मा वजा सहाचा आणि उजव्या काचेची कड टवका गेलेली. माझी नजर पहिल्यांदा तिथेच जाते. समोर माझी पत्रं. माझं अक्षर मी दारातूनच ओळखलं. ह्यांनी धुतलेला शर्ट घातला होता तरी नखांत ग्रीस होतं, ते हात टेबलाखाली धरून बसले. भिंगरी आमच्या मध्ये, पाय जमिनीला न टेकणारी.

बाई एकेक पत्र वाचत बाजूला ठेवत होत्या. गॅलरीचं आलं तेव्हा मला कळलं, कारण त्यांनी ते दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. कागद पालथा ठेवला आणि भिंगरीला विचारलं की पहिल्या विटेनंतर मोजणं का थांबवलंस. मी मनात म्हटलं, आता ही हल्लीसारखी हो म्हणणार आणि गप्प बसणार. ह्यांनी टेबलाखाली माझा हात धरला, ग्रीससकट.

मग ती बोलायला लागली, अक्का. म्हणाली की सूर्य एकाच वेगाने जातो असं तेव्हा तिला वाटलं, म्हणून पुढे मोजलं नाही. पण नंतर तिने इतर दिवशी त्याच गॅलरीत उभं राहून पुन्हा बघितलं. भिंतीवरची सावली आधी हळू सरकते आणि मग भरभर. त्यामुळे शेवटच्या विटा अकरा मिनिटांच्या नव्हत्या, कमी होत्या. म्हणजे तास झालाच नव्हता, पन्नास मिनिटं असतील फार तर. आणि मग त्या तिघांकडे बघत तिने सांगितलं की पत्रात तास लिहिला असेल तर तो तिच्या चुकीमुळे, तेव्हा आईने दिलेली शिक्षा त्यांनी कमी धरावी.

मी तिथेच रडले. सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. हे म्हणतात की मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की मला हीच हवी आहे.

आम्हाला बाहेर पाठवलं. पत्रं पाकिटात घालून परत दिली. जागा चोवीसच आहेत आणि फेरविचाराचे अर्ज एकसष्ट, निकाल पोस्टाने कळेल असं कारकून म्हणाला. मला काही आशा नाही. बसमध्ये ते पाकीट भिंगरीच्या मांडीवर होतं. मी काढून घेणार होते. घेतलं नाही. तिने थांबा येईपर्यंत सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मला काहीच विचारलं नाही.

घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलते, पण जेवण आणि शाळेपुरतंच. आता मला त्या चोवीस जागांची भीती वाटत नाही. हिने मला पुन्हा कधी काही विचारलंच नाही तर काय, याची वाटते. तू एवढी शिकलेली, तूच सांग.

धाकटी


दि. २० मे

ती. मावशीस,
भिंगरीचा साष्टांग नमस्कार.

आई म्हणाली की निकाल तू कळव, म्हणून मी लिहिते आहे. मला वीसपैकी सोळा दिले. एकूण शहाऐंशी. जागा मिळाली. चोवीस जागा भरल्या होत्या म्हणून मला पंचवीस नंबर दिलाय आणि खुर्ची बाहेरून आणणार आहेत. बाबा आधी बघू म्हणाले आणि मग डेपोतल्या सगळ्यांना सांगून आले. बाकीचे चार गुण का कापले ते पत्रात लिहिलेलं नाही. मी कार्यालयाला पत्र टाकून विचारलं आहे.

तू पाठवलेली सात पत्रं या पाकिटात परत करते आहे, तुझ्या फाईलमध्ये ठेव. मी ती तपासली. नळाच्या पत्रात बादल्यांचा आकडा आईने चुकीचा लिहिलाय. इस्त्री मी एकटीने उघडली नव्हती, बाबांनी स्क्रू धरले होते, पण ते आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आता सांगायला हरकत नाही.

गॅलरीच्या पत्रात एक मोठी चूक आहे. रडली सुद्धा नाही असं लिहिलंय. मी रडले होते. तिसऱ्या विटेला सुरू केलं आणि चौथ्या विटेला थांबले, कारण डोळ्यांत पाणी आलं की सावलीची कड नीट दिसत नाही. मग फ्रॉकने तोंड पुसलं. आईने दार उघडलं तेव्हा विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

हे मी आईला परवा सांगितलं. ती भांडी घासत होती. तिचे हात थांबले, नळ तसाच चालू होता, मी बंद केला. मग ती खाली माझ्याशेजारी बसली आणि तिने विचारलं की चौथ्या विटेनंतर मला काय वाटत होतं. असं तिने आधी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. अजून सगळं सांगून झालं नाही, रोज थोडं सांगते. तिनेही तिच्या बाजूचं सांगितलं, कणीक मळतानाचं. ती पण रडत होती. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी चाललं होतं, आणि आम्हाला दोघींना माहीत नव्हतं.

म्हणून त्या पत्राला ही दुरुस्ती टाचणीने जोडून ठेव. तारीख घातली आहे.

आई म्हणते पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. मी विचारलं की मावशीचा लोभ आहेच, तर तो परत का मागायचा. तिला कारण सांगता आलं नाही. म्हणून लिहीत नाही.

तुझी,
भिंगरी